दोन तोट्यांच्या मध्ये

स्कार्वहोल्मेन,
१४ जानेवारी १९६६

प्रिय ओलुफकाका,

नमस्कार. पायाचं आणखी एक बोट काढावं लागलं असं तुमच्या लेकीने, इंगरने कळवलं. तुम्ही डॉक्टरशी भांडलात हेही कळवलं, त्यावरून तब्येत फार वाईट नसावी असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

पुरुषमंडळी सोमवारी उत्तरेला लोफोतेनच्या हिवाळी मासेमारीला गेली. आता एप्रिलच्या शेवटापर्यंत बेटावर आम्ही बायका, म्हातारे, शाळेची आठ मुलं आणि एडविन. त्याची तीन बोटं जाळं ओढायच्या विंचमध्ये गेल्यापासून त्याला कुणी मासेमारीच्या मोठ्या नावेवर घेत नाही.

तुम्ही जाताना जनरेटरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत, तेव्हा बेटाच्या समितीतल्या दोघांनी तोंडं वाकडी केली होती. तुम्ही म्हणालात, "हिने बापाची नाव दहा वर्षं चालवली. तुमच्यातल्या कुणी काय चालवलंय?" ते ऐकून मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, तोंडं वाकडी करणारे बरोबर असतील की काय.

डिझेल पुरत नाहीये. बारा पिंपं एप्रिलपर्यंत पुरायला हवीत, पाच आताच संपली. इंजिनाखालची फरशी सतत ओली असते. मी पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. माझ्या कपड्यांना इतका वास येतो की प्रार्थनाघरात माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नाही. दिवे दुपारी चार ते रात्री दहा, रविवार सोडून, तुमच्याच वेळेनुसार. जास्त चालवत नाही.

कुठून सुरुवात करू?

तुमची,
गुन्वोर


ब्रोनेयसुंद,
२३ जानेवारी

प्रिय गुन्वोर,

पहिली गोष्ट, घाबरू नकोस. इंजिनाला माणसाचा भित्रेपणा कळतो. दुसरी गोष्ट, पुसणं थांबव. पुसून पुसून तू पुरावाच पुसून टाकते आहेस.

एकदाच नीट पूस, गरम पाणी आणि सोडा घेऊन, अगदी स्वयंपाकघरासारखं. सगळं कोरडं झालं की शाळेतून खडू आण, कुटून बारीक पूड कर आणि सगळ्या नळ्यांवर, सगळ्या सांध्यांवर भुरभुरव. मग इंजिन सुरू कर आणि स्टुलावर बसून बघत राहा. डिझेल खाली टपकतं तिथे गळती नसते. ते नळीवरून चालत जातं आणि सोईच्या जागी टपकतं. खडू जिथे आधी काळा पडेल ती जागा धर.

माझा अंदाज, इंजेक्टरवरून उरलेलं डिझेल टाकीकडे नेणारी परतीची बारीक नळी. तिच्या बोल्टांखाली तांब्याच्या वॉशर आहेत, त्या आवळून आवळून कडक झाल्या असतील. नव्या मागवू नकोस. काढ, स्टोव्हवर लालभडक कर, पाण्यात टाक. तांबं पुन्हा मऊ होतं. बेताने आवळ. तुझा बाप सगळं इतकं आवळायचा की उघडायला छिन्नी लागायची.

इथे वीज धबधब्यावरून येते. भिंतीतलं बटण दाबायचं की झालं. कसलाच आवाज नाही. इंगरचा नवरा विचारतो, "आता तरी आराम वाटतो ना?" त्याला काय सांगू.

ओलुफ


स्कार्वहोल्मेन,
५ फेब्रुवारी

प्रिय ओलुफकाका,

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. खडू परतीच्या नळीवर काळा पडला, दोन ठिकाणी. वॉशर स्टोव्हवर तापवल्या, पाण्यात सोडल्या, बसवल्या. शाळेच्या बाई मुलांना घेऊन बघायला आल्या होत्या. फरशी आता इतकी कोरडी आहे की मी तिथे विणकाम घेऊन बसते.

पण दोन गोष्टी आहेत. टाकीतलं डिझेल तरीही लवकर उतरतं, पूर्वीपेक्षा थोडं कमी, इतकंच. आणि इंजिनाच्या चेंबरमधलं ऑइल कमी व्हायचं सोडून वाढतंय. ऑइल मोजायच्या पट्टीवर खुणेच्या वर बोटभर. ऑइल मी घातलेलं नाही. हाताला पातळ लागतं.

मला असंही वाटलं, की बाहेरच्या टाकीपासून आत इंजिनापर्यंत जी नळी फरशीखालून येते, तिच्यात तर काही नसेल? ती तेवढी दिसत नाही. उकरून बघू का?

पेत्राआजी म्हणते, तिच्या कॉफीला डिझेलचा वास येतो. मी तिच्याकडे बसले असतानाच म्हणाली, वास माझ्याच कपड्यांचा असणार म्हणून मी हसले. तिला मागे पाद्रीसाहेबांच्या कोटालाही बोकडाचा वास आला होता.

गुन्वोर


ब्रोनेयसुंद,
१३ फेब्रुवारी

प्रिय गुन्वोर,

पत्र मिळताच इंजिन बंद कर आणि ऑइल बदल. आधी ऑइल, मग बाकी सगळं. डिझेल मिसळलेल्या ऑइलवर चालवलंस तर बेअरिंग जातील, आणि मग दिवेच नाहीत.

डिझेल ऑइलमध्ये जाण्याचा रस्ता बहुधा एकच. इंजिनाच्या बाजूला डिझेल ओढून देणारा फीड पंप आहे, त्याच्या पोटात रबरी कापडाचा पडदा असतो. तो फाटला की डिझेल बाहेर न येता आत उतरतं. बाहेरून काही दिसत नाही, म्हणूनच माणसं फसतात. तू पट्टी बघितलीस, हे माझ्या हाताखालच्या एकालाही सुचलं नसतं. नवा पडदा या बोटीने पाठवतो आहे. बसवताना सहा स्क्रू समोरासमोरचे आवळत जा, गोल फिरत नको.

फरशीखालची नळी मी स्वतः टाकली आहे. टाकीपासून इंजिनापर्यंत तांब्याची एक अखंड नळी, मध्ये कुठेही सांधा नाही. काँक्रीट फोडून काही मिळणार नाही, उलट इंजिनाचा पाया हलेल. तिकडे जाऊ नकोस.

नवा पडदा बसला की सगळं थांबेल.

ओलुफ


स्कार्वहोल्मेन,
६ मार्च

प्रिय ओलुफकाका,

पडदा फाटलेलाच होता, कडेने नखाएवढा. नवा बसवला, ऑइल बदललं. आता पट्टी खुणेवर स्थिर आहे आणि इंजिन असं चालतं की आवाज ऐकत बसावंसं वाटतं. माझ्या हातून हे झालं, याचा मला दोन दिवस फार आनंद होता.

मग रविवार आला. रविवारी दिवसभर इंजिन बंद असतं, इंजिनाजवळची तोटीही मी बंद करते. सकाळी प्रार्थनेआधी टाकीत मापाची काठी घालून पाहिली, दुपारी पुन्हा पाहिली. दोन बोटं कमी. इंजिन बंद असताना.

मी खूप विचार केला. इंजिन डिझेल पीत नव्हतं. फरशीखालच्या नळीला सांधा नाही. मग एकच उरतं, कुणीतरी काढून नेतंय.

मी समितीला सांगितलं. नाव मी घेतलं नाही, पण घ्यायची गरजही नव्हती. एडविनने शरद ऋतूत बुडीत जहाजाच्या लिलावातून तेलाची शेगडी आणली होती, आणि बेटावर धडधाकट पुरुष म्हणावा असा तो एकटाच. समितीतले तिघे म्हातारे त्याच्या शेडवर गेले, मला मापाची काठी घेऊन बरोबर यायला सांगितलं. शेडमध्ये डिझेलचा डबा निघाला.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"डिझेल," एडविन म्हणाला. "नाव आहे माझी. ती काय दुधावर चालते?"

"आणि शेगडी?"

"शेगडीत रॉकेल जळतं. वास घेऊन बघा."

कुणी वास घेतला नाही. त्याच्या दोन्ही मुली दारात उभ्या होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काठीकडे पाहिलं.

टाकीच्या झाकणाला आणि खालच्या निचऱ्याच्या तोटीला आता कुलूप आहे, किल्ल्या माझ्याकडे. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. त्याच्या हातून असं होईल का? तुम्ही नाही म्हणालात तर मी समितीला तसं सांगेन. तुमचा शब्द इथे अजून चालतो.

गुन्वोर


ब्रोनेयसुंद,
१५ मार्च

प्रिय गुन्वोर,

कुलूप लावलंस ते बरं केलंस.

एडविनबद्दल मी काय सांगणार. लहानपणी माझ्या शेडमधून खिळे उचलायचा. पण तसं सगळीच मुलं करतात. दुरून काही बोलणं बरं नाही.

पाय दुखतो आहे, जास्त लिहीत नाही.

ओलुफ


स्कार्वहोल्मेन,
१७ एप्रिल

ओलुफकाका,

एडविन गेला. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी बायको, दोन मुली, गाय आणि ती शेगडी घेऊन मेहुण्याकडे गेला. खिळ्यांची गोष्ट मी समितीत सांगितली होती. तुमच्या पत्रात होती म्हणून सांगितली. पुढचं वाक्यही सांगितलं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या बापाची शिडी परत द्यायला आला. भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "तू तरी मला एकटीने विचारायला हवं होतंस."  मग तो गेला.

त्याच्या मुली गेल्यावर शाळेत सहा उरली. सहा मुलांसाठी शरद ऋतूनंतर बाई ठेवणार नाहीत, तसं पत्र आलंय.

आणि टाकी अजून उतरते आहे. कुलूप जागच्या जागी, किल्ल्या माझ्या गळ्यात, आणि टाकी उतरते.

जे फेब्रुवारीत करायला हवं होतं ते मी आता केलं. एका रविवारी टाकीजवळची, नळीच्या तोंडाशी असलेली तोटी बंद केली. दिवसभरात डिझेल रेसभरही हललं नाही. पुढच्या रविवारी टाकीची तोटी उघडी ठेवली, इंजिनाची बंद केली. दोन बोटं कमी. दोन तोट्यांच्या मध्ये फक्त तुमची नळी आहे.

बर्फ वितळलाय. पेत्राआजीची विहीर जनरेटरच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. तिच्या बादलीत मी स्वतः पाहिलं, पाण्यावर तवंग, त्यात सगळे रंग. तिच्या कॉफीला मी हसले होते. शाळेच्या विहिरीलाही वास यायला लागलाय. तीन मुलांची पोटं आठवडाभर बिघडलेली आहेत.

पुढच्या सोमवारपासून मी फरशी फोडणार. त्याआधी तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा.

गुन्वोर


ब्रोनेयसुंद,
२५ एप्रिल

प्रिय गुन्वोर,

सांधा आहे.

तू विचारलंस तेव्हाच हे लिहायला हवं होतं. लिहिलं होतं, फाडलं. तू पेत्राच्या कॉफीबद्दल लिहिलंस त्या दिवशी मला कळलं होतं.

सत्तावन्न सालच्या सप्टेंबरात नळी टाकली तेव्हा ती दीड हात कमी पडली. मोजमाप माझं होतं. नवी नळी मागवायला दोन आठवडे लागले असते, आणि रविवारी दिवे लागणार असं सगळ्या आसपासच्या बेटांना कळवून झालं होतं. पाद्रीसाहेब यायचे होते. तुझ्या आईने केक भाजले होते. काँक्रीटवाले निघायच्या घाईत होते. माझ्याकडे लोखंडी पाण्याच्या नळाचा तुकडा होता, तो मी मध्ये जोडला. वसंतात उकरून बदलू म्हटलं. तांब्याला लोखंड जोडून खारट ओलीत पुरलं की लोखंड खाल्लं जातं, हे मला ठाऊक होतं. त्या रविवारी दिवे लागले आणि म्हातारी माणसं रडली. माझ्या पाठीवर इतक्या थापा पडल्या. मग वसंतात काँक्रीट फोडायचं म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. असे आठ वसंत गेले.

गेली दोन वर्षं डिझेल कमी पडतंय हे मला कळत होतं. माझ्या नावेचं पिंप मी पहाटे टाकीत ओतायचो, म्हणून कुणाला दिसलं नाही. जमिनीत कुठे जातंय याचा विचार मी करायचो नाही.

एडविनने माझा एक खिळाही कधी उचलला नाही. ते दुसऱ्याच कुणाचं पोर होतं.

काय करायचं ते कर.

ओलुफ


स्कार्वहोल्मेन,
२९ मे

ओलुफकाका,

वाऱ्यामुळे बोट दोन आठवडे लागली नाही. तुमचं पत्र आलं तोवर सांधा माझ्या हातात होता.

चार दिवस छिन्नीने फोडत होते. लोखंडाचा तुकडा ओल्या पावासारखा झालाय, बोटाने दाबला तर चुरा होतो. खालची माती हातभर काळी आहे, त्याखाली खडक, आणि खडकाची भेग सरळ पेत्राआजीच्या विहिरीकडे उतरते. मी ती माती पिंपात भरत गेले, मग पिंपं संपली.

नवी नळी टाकली. अखंड तांब्याची, जमिनीवरून, भिंतीला चिमटे मारून, कुणालाही दिसेल अशी. तीन रविवार टाकी मोजली. एक थेंबही हलला नाही. फरशी कोरडी, पट्टी खुणेवर. नऊ वर्षांत पहिल्यांदाच हे इंजिन कुठूनही गळत नाही.

पाणी तपासायला माणूस आला होता. खालच्या दोन्ही विहिरी बंद केल्या. मी त्याला विचारलं, "किती दिवसांत स्वच्छ होईल?" तो म्हणाला, "बाई, दिवसांत मोजू नका." वरची विहीर जुलैत आटते. पाणी आता बोटीने येतं, दुधाच्या कॅनमधून.

लोफोतेनहून पुरुष परतल्यावर सभा झाली. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता आणि विचारलंही नसतं. एडविनचं नाव साफ व्हायला दुसरा उपाय नव्हता. कुणी ओरडलं नाही. समितीतला एकजण म्हणाला, "आपण त्याच्या शेडमध्ये वास तरी घ्यायला हवा होता."  मग बेट सोडून जायच्या सरकारी मदतीचा कागद वाचला. सगळे निघाले तरच मिळते. मागच्या वर्षी तोच कागद आम्ही हसून परत पाठवला होता. या वेळी हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले, माझाही.

एडविनला मी लिहिलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: कळवलंस ते बरं झालं, मुली नव्या शाळेत रुळल्या आहेत.

एक सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज नको. मला राग सांध्याचा नाही. घाईत माणूस काहीही जोडतो, मीही जोडलं असतं. पण वॉशरचं तुम्ही खरं सांगितलंत, पडद्याचं खरं सांगितलंत, तुम्ही म्हणालात तिथेच गळती सापडत गेली. म्हणून तिसऱ्या गोष्टीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि काठी घेऊन त्या माणसाच्या दारात उभी राहिले. हे आता मला कुठेही राहायला गेले तरी बरोबर न्यायचं आहे.

गुन्वोर


ब्रोनेयसुंद,
८ ऑगस्ट

प्रिय गुन्वोर,

तीन पत्रं लिहिली, पाठवली नाहीत. हे पाठवतो आहे.

तुम्ही पंचवीस तारखेला निघणार असं इंगरला कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी टपालाच्या बोटीने मी येतो आहे. चालता येत नाही, पण डेकवर बसता येतं. धक्क्यावर उतरायला कुणाचा तरी हात लागेल. इंजिन मला माझ्या हाताने बंद करायचं आहे. आणि लोकांपुढे उभं राहून दोन वाक्यं बोलायची आहेत. जास्त वेळ घेणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं नाही तरी चालेल.

तू नको म्हणालीस तर येणार नाही.

ओलुफ


सान्नेस्येन,
१२ सप्टेंबर

ओलुफकाका,

तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी नको म्हणाले नाही, या असंही म्हणाले नाही. पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत, पण माझ्या बाजूने काय होतं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

इंजिन मी सकाळी साडेअकराला बंद केलं. तुमची बोट एकला येते हे मला ठाऊक होतं. दोन्ही तोट्या बंद केल्या, टाकी रिकामी केली, सगळ्या नळ्या पुसल्या. इंजिन कुणी विकत घेत नाहीये. वीज आता सगळीकडे तारेने येते आहे.

आमचं सामान मोठ्या बोटीवर चढत होतं, ती धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला होती. टपालाची बोट आली तेव्हा दोर धरायला मीच उभी होते, दर आठवड्याला असते तशी. तुम्ही डेकवर पेटीवर बसला होतात, काठीवर दोन्ही हात, अंगात काळा कोट. लग्नात घालतात तो. तुम्ही खूप बारीक झाला आहात.

पेत्राआजी माझ्याजवळ तिच्या बोचक्यावर बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. म्हणाली, "तो कोण गं तिथे?"

मी म्हटलं, "ओळखीचं कुणी नाही."

"ओलुफसारखा बसलाय."

"नाही," मी म्हटलं.

टपालाची पिशवी दिली, घेतली. कप्तानाने माझ्याकडे पाहून विचारलं, "एकजण उतरणार आहेत म्हणत होते. फळी टाकू ना?"

मी म्हटलं, "इथे आता कुणी राहत नाही." आणि दोर सोडला.

तुम्ही काही बोलला नाहीत. बोलला असतात तर मी फळी टाकायला लावली असती, असं मला वाटतं. खात्रीने सांगत नाही. बोट मागे सरली, तेव्हा तुम्ही हात वर केलात. मी पाहिला. माझे दोन्ही हात मोकळे होते.

मला वाटलं होतं, असं केल्यावर एडविनच्या बाबतीत मला थोडं हलकं वाटेल. वाटलं नाही. तुम्हाला जे दोन शब्द बोलायचे होते ते आता कुणापुढे बोलणार, माणसं पाच गावांत पांगली. मला माहीत असूनही मी तसं केलं.

इथे मी फिश फॅक्टरीत लागले आहे, मशीनवर नाही, पॅकिंगला. खोली पत्ता देण्यासारखी नाही. पुढे पत्ता झाला तरी मी कळवेन असं वाटत नाही.

पायाची काळजी घ्या.

गुन्वोर